रवन्न्यावरचं गाव

फॉर्म भरताना माझ्या हातून चूक झाली, असं मी पुढे सगळ्यांना सांगत सुटलो. हाताचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. चष्मा डोळ्यांवर होता, खिडकीतून ऊन येत होतं, बायकोने चहा आणून ठेवला होता, आणि मी पलंगावर मांडी घालून मोबाइलवर वन विभागाचा अर्ज भरत होतो. घरच्या जुन्या सागवानाच्या वाहतुकीचा परवाना हवा होता. जिल्हा निवडा. निवडला. तालुका निवडा. निवडला. गाव निवडा म्हटल्यावर एक लांबलचक यादी उघडली, आणि त्या यादीत आमचं गाव होतं.

आमचं म्हणजे जुनं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. घरं मोडली, माणसं उठली, पाणी भरलं, वर्षं लोटली, आणि सरकारच्या यादीतून ते नाव काढायचं मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. चार ओळी खाली नव्या गावाचंही नाव होतं, जिथे ती लाकडं खरोखर पडून होती. मला दोन्ही दिसली. पण जत्रेत ओळखीचं माणूस दिसावं आणि आपला हात आपोआप वर व्हावा, तसा माझा अंगठा जुन्या नावावर गेला.

आमच्याकडे ही सगळ्यांचीच खोड आहे. पुनर्वसनातल्या माणसाला विचारा, कोणतं गाव? तो जुनंच सांगणार. लग्नाच्या पत्रिकेवर जुनं, विहाराच्या देणगीच्या पाटीवर जुनं. नव्या गावाला आम्ही नावाने बोलावतच नाही, नुसतं ‘तिकडे’ म्हणतो. तिकडे लाइन गेली. तिकडे नळ आले. मी तर नोकरीमुळे कधीचा लाखनीत राहतो, तिकडेही नाही; तरी मला कोणी ‘मूळचे कुठले?’ म्हटलं की माझी छाती फुगते आणि मी पाण्यातलं नाव सांगतो.

परवाना आला. ‘कुठून’ या रकान्यात आमचं गाव टाइप होऊन आलं होतं. मला चूक दिसली का? दिसली. दुरुस्त करून घ्यावी, असं वाटलं का? वाटलं. पण इतक्या वर्षांनी सरकारी कागदावर ते नाव पाहून मला असं काही बरं वाटलं की मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

या कागदाला आता सगळे टीपी, म्हणजे ट्रान्झिट पास, म्हणतात. माझ्या बाबांच्या तोंडी एकच शब्द होता, रवन्ना.

बाबा तरुणपणी जंगलात कूप, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला पट्टा, तोडायच्या कामावर जायचे. तोडलेलं लाकूड गाडीत भरलं की नाकेदार, म्हणजे तेव्हाचा वनरक्षक, पुस्तकातून एक पावती फाडून गाडीवानाच्या हातात द्यायचा. माल काय, नग किती, कुठून निघाला, कुठे चालला, कोणत्या रस्त्याने आणि कधीपर्यंत. एवढं त्यावर असलं की लाकूड रवाना. म्हणून तो रवन्ना. एकदा मी, पाचवी-सहावीत असेन, बाबांना विचारलं, लाकडाला कागद लागतो मग आपल्याला का नाही लागत?

बाबा म्हणाले, “माणसाले कायले लागन? त्याले विचारलं का तो सांगते, मी अमक्याचा, तमक्या गावचा, तिकडं जाऊन राहिलो. लाकडाले तोंड नाही. म्हून त्याच्या बदल्यात कागद सांगते.”

आमच्या घरात मग हा शब्द माणसांनाही लागला. रात्री दंडार, म्हणजे गावातलं नाटक, पाहायला जायचं तर आईकडून रवन्ना घ्यावा लागे, आणि आई खरोखर विचारी: कोणासोबत, कोणत्या रस्त्याने, कधीपर्यंत. लग्न झाल्यावर बायकोने तो शब्द दोन दिवसांत उचलला आणि माझ्यावरच उलटवला. माहेरी जायचं असलं की ती परवानगी मागत नाही, “उद्याचा रवन्ना फाडून ठेवा” एवढं सांगते. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा लघवीला जाताना करंगळी दाखवत नाहीत. “सर, रवन्ना” म्हणून ओरडतात आणि मी टेबलावरची लाकडी पट्टी देतो. पट्टी हातात असलेलं पोरगं व्हरांड्यात दिसलं की हेडमास्तर त्याला काही बोलत नाहीत.

असा हा शब्द मी आयुष्यभर खेळण्यासारखा वापरला. त्याला धाक असतो, हे मला गेल्या हिवाळ्यात, एका दुपारी, चाळीस-पन्नास मिनिटांत कळलं.

लाकडं होती आमच्या मोडलेल्या घराची. गाव उठलं तेव्हा बाबांनी भिंती पडू दिल्या, पण म्याली, म्हणजे छताचे आडवे लाकडी वासे, आणि दाराची चौकट काढून नेली. एकूण अकरा नग. ती चुलतभावाच्या गोठ्यात टेकवून ठेवली आणि त्यानंतर बाबा फार दिवस राहिले नाहीत. आता चुलतभावाला गोठ्याच्या जागी खोली काढायची होती. त्याचा फोन आला, “नेतं का नाही? वाळवीले निमंत्रण देऊन राहिला का तू?” मी लाखनीच्या घराला पुढे एक खोली काढतच होतो. म्हटलं, बाबांची चौकट तिथे बसवू.

रीतसर सगळं झालं होतं. वनरक्षक गोठ्यात येऊन लाकडं मोजून गेले होते, प्रत्येक नगाच्या टोकाला हातोड्याचा शिक्का मारून गेले होते. राहिली गाडी. गाडी माझ्या साळ्याची, बायकोच्या पाठच्या भावाची. तो आधी वरठीच्या कारखान्यात ठेक्यावर कामाला जायचा. ते काम सुटल्यावर त्याने छोटा हत्ती टेम्पो घेतला, आणि आता घर त्या चार चाकांवर चालतं. कधी धानाची पोती, कधी तलावाची मासोळी, कधी मांडवाच्या खुर्च्या. गाडीच्या काचेवर त्याने दोन्ही पोरींचे फोटो लावले आहेत.

बायकोने सकाळी मला दारात अडवलं.

“कागद नीट पायला का?”

“पायला.”

“दोनदा?”

“मी मास्तर हाव का कोण हाव?”

“म्हूनच विचारून राहिली. ऐका. लाकडं आली तं आली, नाही आली तं नाही. माह्या भावाची गाडी जशी नेली तशी घरी आली पायजे. जंगलवाल्यांनं एकडाव धरली का गाडी सुटत नाही म्हणतेत.”

मी हसलो. म्हटलं, आपल्याकडे रवन्ना आहे.

लाकडं भरून दुपारी दोनला निघता आलं असतं. पण तिथवर गेल्यावर मला पाण्याकडे जायची हुक्की आली. नव्या गावापासून थोडं पुढे गेलं की आमच्या जुन्या गावाचा डांबरी रस्ता अजून आहे. तो सरळ जातो, उतरत जातो आणि पाण्यात शिरतो. मी गाडी तिथे न्यायला लावली. मग साळ्याला दाखवत बसलो, ते तिकडे, त्या काळ्या खुंटाच्या उजवीकडे, तिथे शाळा, त्याच्या मागे आपलं घर, आणि ही चौकट त्या घराची. त्याने दोन वेळा घड्याळ पाहिलं.

“भाऊजी, चला ना जी आता. पाणी काही पळून नाही जात.”

“थांब गा. ही म्याल आहे ना, ती...”

“कागदावर का लिवलं हाय? सूर्य बुडाच्या आत ना? मंग?”

तेही लिहिलं होतं. सूर्यास्तानंतर लाकडाची वाहतूक बंद. हिवाळ्याचा दिवस, साडेपाचनंतर काय उरतं? आम्ही निघालो तेव्हा तीन वाजत आले होते. पवनी गेलं, धानाने भरलेल्या ट्रॅक्टरमागे रांगत बराच वेळ गेला, आणि अड्याळकडच्या रस्त्याला जंगलाच्या नाक्यावर आडवा बांबू खाली होता.

एक म्हातारे वनमजूर खुर्चीवरून उठून आले. गाडीच्या मागे पाहिलं आणि हात पुढे केला.

“रवन्ना दाखवा जी.”

इथे मी दुसरी चूक केली. आता हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकू येतो! मला इतका आनंद झाला की खाली उतरून मी त्यांना त्या शब्दाबद्दल सांगायला लागलो. रवाना कसं, रवन्ना कसं, माझे बाबा काय म्हणायचे. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. “हो जी, हो जी” म्हणत राहिले. त्यांचा पुढे केलेला हात मात्र तसाच होता. आतून एक वनरक्षक बाई आल्या, तिशीच्या असतील, खाकी कपड्यात, खांद्यावर मफलर. त्यांनी मी बोलत असतानाच माझ्या हातातला कागद घेतला.

वाचला. पुन्हा वाचला. माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही काय करता?”

“शिक्षक आहे, मॅडम.”

“सर, हे गाव कुठं आहे?”

मी तोंड उघडलं. ज्या प्रश्नाचं उत्तर मी जन्मभर छाती फुगवून दिलं, तोच प्रश्न होता. या वेळी मात्र छाती फुगली नाही. मला एकदम कळलं की खिशात आपण काय घालून फिरत होतो.

“पाण्यात,” मी म्हणालो.

“पाण्यात. म्हणजे धरणात गेलेलं.”

“हो.”

“कधीच गेलं ना?”

“हो.”

“मग आज दुपारी हे लाकूड तिथून कसं निघालं?”

म्हातारे वनमजूर खुर्चीवर परत बसले. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

मी सांगायला लागलो. गोठा, चुलतभाऊ, यादी, अंगठा. भीती वाटली की मी फार बोलतो, आणि जितका बोलतो तितका खोटा वाटतो. बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, जुन्या घराचं लाकूड म्हणून ताजं सागवान नेणारे इथूनच जातात. त्यांच्याही कागदावर एखादं बुडालेलं गाव असते. तिथं जाऊन पाहणार कोण? तुमच्याजवळ आज कागद आहे, पण जिथून माल निघाला त्या जागेचा नाही. तपासणी होईपर्यंत गाडी आत लावावी लागन.”

“किती वेळ?”

“ते मी नाही सांगू शकत. साहेबांकडं प्रकरण जाईल. गुन्हा धरला तर गाडी राजसात होते.”

राजसात. सरकारजमा. हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता. तो कोणाच्या गाडीबद्दल तोंडासमोर ऐकला नव्हता. मागे वळून पाहिलं. साळा गाडीतून उतरला नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जशी चालती गाडी धरावी तसे, आणि गाडी तर बंद होती. त्याने सगळं ऐकलं होतं. तो मला काही बोलला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त काचेवरच्या पोरींच्या फोटोंवरची धूळ अंगठ्याने पुसत होता.

माझे गुडघे हलायला लागले. खोटं का सांगू? आधी मला माझंच दिसलं. जिल्हा पानावर बातमी, सागवानासह शिक्षक ताब्यात. वर्गातली पोरं ती मोठ्याने वाचताहेत, आणि हेडमास्तर पट्टी हातात घेऊन व्हरांड्यात उभे. मग बायको दिसली, दारात तशीच उभी, आणि तिने विचारलं, दोनदा पायला का? आणि मग गाडी दिसली. आमच्या बाबांच्या अकरा लाकडांसकट एखाद्या आवारात उभी, चाकांतली हवा गेलेली, काचेवर ते दोन फोटो ऊन खात पडलेले. आणि तिच्या मालकाची चूक काय, तर बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणाला नाही.

“मॅडम,” मी म्हणालो, “लाकडं ठेवून घ्या. सगळी. गाडी सोडा.”

“असं नाही होत, सर.”

“चूक माझी आहे. त्याची काही नाही.”

“ते मलाही दिसून राहिलं,” बाई म्हणाल्या. त्यांनी आता पहिल्यांदा गाडीकडे नीट पाहिलं. मागे गेल्या. टेप काढला, चार-पाच नगांची लांबी घेतली, टोकाचे शिक्के बोटाने चाचपले. चौकटीच्या बिजागरीच्या खाचेत जुना काळा गंज होता, त्यावर नख घासून पाहिलं. वनमजुरांना म्हणाल्या, “काका, तुम्हाले काय वाटते?”

म्हातारे आले, वाकले, चौकटीवर तळहात फिरवला. “जुनं हाय. धुराचं हाय हे. चुलीच्या बाजूनं होतं.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “पण कागद का म्हणते, ते बी पायजे ना.”

बाबा हेच म्हणाले होते. लाकडाच्या बदल्यात कागद सांगतो. आमचं लाकूड त्या दिवशी खरं बोलत होतं, टोकाला शिक्का होता, अंगावर आमच्या चुलीचा धूर होता; आणि तोंड असलेल्या माणसाने त्याच्या कागदात खोटं भरून दिलं होतं. हौसेपोटी.

बाई आत गेल्या. फोनवर बोलल्याचं ऐकू येत होतं. “हो सर... जुनंच आहे... नाही सर, शिक्के जुळून राहिले... गाव चुकलं... हो... हो, लिहून घेते.” मी उन्हाकडे पाहत होतो. बांबूची सावली रस्ता ओलांडून पलीकडच्या खड्ड्यात गेली होती. सूर्य बुडाला की नाव बरोबर असो की चूक, गाडी इथेच. साळा आता उतरून माझ्या शेजारी उभा होता.

“भाऊजी, बाईले सांगा ना माहा नंबर गिंबर घेवा, उद्या येतो म्हना.”

“सांगतो बाप्पा.”

“घरी फोन करू का?”

“नको!” मी इतक्या जोरात म्हणालो की म्हातारे दचकले.

बाई बाहेर आल्या. हातात कोरा कागद आणि पेन. “साहेब म्हणाले, चूक झाल्याचा जबाब तुमच्या हातानं लिहून द्या. मग मी इथं दुरुस्ती करून सही-शिक्का मारते. लवकर करा, सर. सूर्य पहा.”

टेबलावर वाकलो. लिहिणं माझा धंदा आहे. मी भराभर लिहिलं, मी खाली सही करणार, अमुक ठिकाणी नोकरीस, लिहून देतो की परवान्याच्या अर्जात माझ्याकडून निघण्याच्या ठिकाणाचे नाव चुकीचे भरले गेले. सदर गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. लाकूड काही वर्षांपूर्वी तेथील आमच्या घरातून काढून पुनर्वसन गावी ठेवले होते व आज तेथूनच निघाले.

बाईंनी वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे असं नको. ‘पाण्याखाली आहे’ लिहिलं तुम्ही. आहे म्हटलं की तिथून माल निघू शकते. उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू? ‘आज अस्तित्वात नाही’ असं लिहा.”

“पण ते आहेच ना मॅडम. पाण्याखाली, पण...”

“सर.”

“उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा...”

“सर, मले समजते,” त्या हळू म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता, आणि तो ‘मले’ त्यांच्या तोंडून नकळत निघाला असावा. “पण मले कागदावर नाही पायजे.”

मी पेन टेकवलं. तीन साधे शब्द. पोरांना शुद्धलेखनाला घालतो त्याहून सोपे. पेन पुढे सरकेना, आणि ते आता राजसातच्या भीतीने नव्हतं. मला वाटत होतं की हे मी माझ्या हाताने लिहिलं, खाली सही केली, तर यापुढे कोणी ‘मूळचे कुठले?’ विचारल्यावर मी काय सांगू? गाव उठवलं सरकारने, बुडवलं पाण्याने. नाही म्हणून लिहून देणारा मात्र मी पहिला. बाबांनी मरेपर्यंत असं कुठे लिहिलं नव्हतं. बाहेर एक ट्रॅक्टर थांबला, हॉर्न वाजवला, निघून गेला. माझं पेन तिथेच.

साळा माझ्या मागे आला होता. तो माझ्या कानाजवळ, अगदी हळू म्हणाला, “भाऊजी. लिवा ना.”

एवढंच. मागे वळून त्याच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता.

लिहिलं. सदर गाव आज अस्तित्वात नाही. सही केली. सहीखाली हेडमास्तरांच्या भीतीने पदनाम लिहिलं नव्हतं, तेही बाईंनी लिहायला लावलं.

त्यांनी परवाना टेबलावर ठेवला, पट्टी घेतली, आमच्या गावाच्या नावावर रेघ मारली आणि वर दुसरं लिहिलं. मी त्या वेळी भिंतीवरचा वाघाचा फोटो पाहत होतो, फार लक्ष देऊन. ठप्प करून शिक्का बसला. बाईंनी कागद दिला आणि म्हणाल्या, “कुठं थांबू नका. चहालेही नाही.”

म्हाताऱ्यांनी बांबू वर केला. गाडी खालून जाताना त्यांनी मला हाक मारली, “मास्तर, रवन्ना झाकून ठेवा. हवेनं उडन.”

भंडाऱ्याकडे निघालो. साळा समोर पाहत होता, मी आरशात. सूर्य मागच्या बाजूला होता, आरशात लाल, आणि खाली खाली येत होता. महामार्गाला लागलो तेव्हा मागे एक जीप दिसली, हिरवी. मी म्हटलं, झालं. मी कागद दोन्ही हातांनी छातीशी धरला. जीप जवळ आली, हॉर्न दिला, पुढे गेली. तिच्या मागे ‘दूध’ लिहिलेलं होतं.

“काय झालं जी?” साळ्याने विचारलं.

“काही नाही. दूध होतं.”

तो पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, “तुमचा हात तं पा. कागद फाडसान.” पाहिलं तर घामाने घडीचा कोपरा ओला झाला होता.

लाखनीच्या पुलाखालून आत वळलो तेव्हा ऊन गेलं होतं, उजेड होता. सूर्य बुडाला होता की बुडायचा होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बायको दारातच उभी होती. तिने आधी भावाकडे पाहिलं, मग गाडीला एक चक्कर मारली, टायरला पायाने ठोकून पाहिलं. शेवटी माझ्याकडे पाहिलं आणि चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं. तिने भावाला आत नेलं, पुढ्यात ताट ठेवलं, त्याच्या जवळ बसून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. मी बाहेर एकटाच लाकडं उतरवत होतो. आतून तिचा आवाज येत होता, “मंग? मंग भाऊजी का म्हणले?” आणि साळा, देव त्याचं भलं करो, गुडघ्यांचं वगळून सांगत होता. जबाबाचं मात्र त्याने सांगितलं.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. मी उतरवलेल्या चौकटीवर बसलो होतो. तिने हात पुढे केला, त्या म्हाताऱ्यासारखाच, आणि मी खिशातून कागद काढून दिला. तिने पदराने तो कोरडा केला, दिव्याखाली धरला आणि जवळ घेऊन वाचायला लागली. मी खाली पाहत होतो. तिच्या सासरचंच गाव होतं ते. लग्नानंतर तिने उंबरठा ओलांडला तो याच चौकटीतून, आणि मी ते नाही म्हणून लिहून देऊन आलो होतो. म्हटलं, आता बोलेल ते ऐकून घ्यायचं.

“एकच रेघ मारली हाय बाईनं,” ती म्हणाली. “खालचं चांगलं वाचता येते अजून. धरा, बाबांच्या जुन्या कागदांच्या डब्यात ठेवा. अन् याच्यापुढं या घरात फारम मी भरीन.”